मुलुखियातला परका श्वास

कोंबडीचा सांगाडा हा शब्द जेवणाच्या संदर्भात उच्चारायची वेळ आपल्यावर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सर्वेक्षण खात्यात वरिष्ठ कारकून आहे. माझ्या सहीशिवाय आमच्या शुब्रा भागातली एकही गल्ली नकाशावर इकडची तिकडे होत नाही. पण मटणाचे भाव असे काही चढले की आमच्या रस्त्यावरची सभ्य माणसं खाटकाच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागली. कोंबडीवाल्यानंही मांड्या-छाती एका गिऱ्हाइकाला आणि उरलेला सांगाडा दुसऱ्याला अशी वाटणी सुरू केली. ते दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मी.

झालं असं की आमच्या मुलीला, इब्तिहालला, मागणी आली होती. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे. हातिम नावाच्या एका पोरानं खोकला नसताना हिवाळाभर तिच्याकडून खोकल्याचं औषध नेलं, तेव्हाच मुलगा मनापासून मागे लागलाय हे आम्ही ओळखलं. इब्तिहालचाही जीव त्याच्यावर जडला होता. घोडं अडलं ते त्याच्या आईपाशी. सित्त इन्शिराह, म्हणजे इन्शिराहबाई, मूळच्या झगाझीगच्या, आणि तिथं आपल्यासारखी सुगरण झाली नाही असं त्या स्वतःच सांगत. त्यांचा निरोप आला की मुलगी मी पाहिलेली आहे, आता मला तिच्या घरचं पातेलं बघायचंय. महिनाअखेरच्या शुक्रवारी जेवायला येते, पाल्याची मुलुखिया करा. पातेलं पसंत पडलं तर पुढचं बोलू.

म्हणजे परीक्षा होती माझ्या बायकोची, अवातिफची. ती शाळेत भूगोल शिकवते आणि घरात सगळंच शिकवते. पाहुणे येणार म्हणून तिनं पडदे धुवायला काढले, स्टुलावर चढली आणि उजवं मनगट मोडून घेऊन खाली आली. बाहेरून जेवण मागवणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. मनगटाच्या एक्स-रेनं महिन्याचं तेलतूप आधीच गिळलं होतं. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण वरच्या मजल्यावरच्या हज्जा रस्मिया विचारपूस करायला आल्या होत्या, आणि बाईमाणूस ऐकायला बसलं की माझं तोंड सुटतं. मी म्हणालो, थोडक्या पैशात चांगलं जेवण ही नियोजनाची बाब आहे, बायका स्वयंपाकात उगाच भावना घालतात. अवातिफनं दातांनी गाठ सोडली आणि एप्रन माझ्या मांडीवर टाकला.

पहिले काही दिवस माझं नियोजन छान चाललं. संध्याकाळी भाजीवाले पथारी आवरायला लागले की मी बाजारात जायचो आणि उरलासुरला माल घासाघीस करून आणायचो. मसुरीचं सूप, शिळ्या भाकरीचे तुकडे तळून त्यावर दही, वांग्यांच्या सालींचं लोणचं, सांगाड्यांचा रस्सा. सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. हज्जा रस्मिया रोज जिना उतरून यायच्या, पातेल्यात डोकावायच्या आणि काहीतरी सांगून जायच्या. हाडं मंद आचेवर ठेवावीत. पहिला फेस काढून टाकावा. हाडं उकळत असताना त्यांना खोलीत एकटं सोडू नये, त्यांना सवय लागते. कसली सवय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण त्यानंतर पातेलं चुलीवर असताना मी कधी स्वयंपाकघराबाहेर गेलो नाही.

मग मी मुलुखियाच्या सरावाला लागलो. हा पाला बारीक चिरून उकळत्या रश्शात सोडतात आणि पुन्हा उकळी येऊ देत नाहीत. तुपात लसूण आणि धण्याची पूड लालसर परतून ती चरचरती फोडणी वरून ओततात. ती पडते त्या क्षणी ओतणारीनं छातीशी हात नेऊन, भूत पाहिल्यासारखा, मोठ्यानं श्वास आत ओढायचा असतो. त्याला शहका म्हणतात. का ओढायचा, हे कोणाला ठाऊक नाही. नाही ओढला तर पाला तळाशी बसतो आणि वर हिरवं पाणी राहतं, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. सर्जनच्या घरात आणि न्यायाधीशाच्या घरातही मुलुखियावर शहका पडतोच.

आता मला सांगा, वरिष्ठ कारकुनानं पातेल्यावर वाकून घाबरट बाईसारखं करावं का? आमच्या इमारतीत सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. डक्ट इतका अरुंद की समोरच्या खिडकीत डाव पोहोचवता येतो, आणि इतका कानाचा तिखट की तळमजल्यावर कांदा चिरला तर वरच्या मजल्यावर कळतं. बायकांचे शहके तर पावलांच्या आवाजासारखे ओळखू येतात. माझा शहका डक्टमध्ये फिरला असता तर दुसऱ्या दिवशी कचेरीत पोहोचला असता. मी ठरवलं की आपण शास्त्रीय पद्धतीनं जायचं, आच सांभाळायची, शहका-बिहका काही नाही.

फोडणी ओतली. ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. आणि शहका आला.

तो डक्टमधून आला, अगदी जवळून. लांब, जरासा घोगरा, शेवटाला अडकलेला. सरळ वर जाणारी वाफ खिडकीकडे वाकली आणि क्षणभर तशीच वाकून राहिली. मी म्हटलं, वारा. डक्टमध्ये वारा कुठून येणार, हा विचार मी मुद्दाम केला नाही. पातेल्यात पाहिलं तर एकही पान खाली बसलेलं नव्हतं.

जेवताना इब्तिहाल म्हणाली, "बाबा, ही तर आईच्या—" आणि थांबली. आईच्या मुलुखियापेक्षा चांगली, असं तिला म्हणायचं होतं, ते आम्हा तिघांनाही कळलं. अवातिफनं चमचा खाली ठेवला आणि शहका कोणी दिला असं विचारलं. मी म्हणालो, मीच. एवढी चांगली मुलुखिया झाल्यावर दुसऱ्या कोणाला श्रेय द्यायची मला गरज वाटली नाही.

दोन दिवसांनी पुन्हा केली तेव्हा अवातिफ प्लास्टरचा हात गळ्यात बांधून दारात उभी राहिली. माझा शहका तिला बघायचा होता. माझी अवस्था तुम्ही समजू शकता. फोडणी ओतली, शहका द्यायला म्हणून तोंड उघडलं, आणि माझा आवाज निघायच्या आधीच तो आला. लांब, घोगरा, शेवटाला अडकलेला. माझं तोंड उघडंच राहिलं.

अवातिफच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हा सित्त गमालातचा श्वास आहे," ती म्हणाली.

सित्त गमालात आमच्या समोरच्या स्वयंपाकघरात राहायच्या. म्हणजे राहायच्या घरात, पण दिसायच्या त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतच. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, तरी रोज भलंमोठं पातेलं चढवायच्या आणि इमारतभर वाडगे वाटायच्या. आमच्या लग्नानंतर अवातिफला सगळा स्वयंपाक त्यांनीच शिकवला. मग एकदा चार बायकांसमोर त्या हसत म्हणाल्या की अवातिफचा हात चांगला, पण पाला बसतो. अवातिफला ते झोंबलं. तिनंही हसतच उत्तर दिलं की माझा पाला बसतो, पण जेवायला माणसंही बसतात. त्यानंतर समोरची खिडकी आमच्यापुरती बंद झाली. पुढे कित्येक वर्षं दोघी हातभर अंतरावर उभ्या राहून रोज स्वयंपाक करायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत. गमालातबाई गेल्या त्यालाही आता बरेच दिवस झाले. घराला कुलूप आहे आणि किल्ली अलेक्झांड्रियात त्यांच्या भाच्याकडे. अवातिफ मातीला गेली नाही. तिला ताप होता. ताप खरा होता, मी स्वतः पाहिला होता, पण तो मयतीची बातमी आल्यावर चढला होता.

हज्जा रस्मियांना बोलावलं. त्यांनी तिसऱ्या वेळचा शहका स्वतःच्या कानांनी ऐकला, धपकन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, तीच. मग त्यांनी दोन सल्ले दिले. पहिला, घरात ऊद जाळा आणि कुराण लावा. दुसरा त्यांनी जरा विचार करून दिला, की एवीतेवी फुकट मिळतंय तर मिळू दे, महागाईचे दिवस आहेत. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचं पातेलं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर. त्यांच्या मागून तळमजल्यावरची शिंपीण आली, तिच्यामागून तिची जाऊ. माझ्या स्वयंपाकघरात बायका रांग लावून फोडण्या ओतू लागल्या आणि कान खिडकीकडे लावून उभ्या राहू लागल्या. प्रत्येक फोडणीला शहका यायचा. येताना कोणी कांदा ठेवून जाई, कोणी अर्धं लिंबू. पैशाच्या दृष्टीनं पाहिलं तर आमच्या घराला इतके बरे दिवस कित्येक महिन्यांत आले नव्हते.

मला मात्र स्वयंपाकघरात उभं राहणं जड जाऊ लागलं. शहका आल्यावर लगेच सगळं शांत होत नसे. समोरच्या बंद खिडकीच्या काचेआड कोणीतरी अजून श्वास धरून उभं आहे असं वाटत राही, चव घेणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे आपण बघतो तसं. काचेवर धूळ होती. तिच्यात मधोमध एक ओलसर, स्वच्छ गोल हळूहळू उमटायला लागला होता. काचेला तोंड लावून उभं राहिलं की पडतो तेवढा.

अवातिफचं दुःख वेगळंच होतं. तिला भुताची भीती नव्हती. "माझं घर, माझं पातेलं, माझ्या मुलीची सोयरीक, आणि श्वास तिचा?" ती म्हणाली. "जिवंतपणी तिनं मला हरवलं. मेल्यावर तरी सोडावं की नाही?" मी म्हणालो की यात हरण्याजिंकण्याचा प्रश्नच नाही. यावर तिनं अशा नजरेनं पाहिलं की मी नियोजनाचा विषय परत काढला नाही.

शेवटी मी कायदेशीर मार्गानं जायचं ठरवलं आणि पोलीस चौकीत गेलो. तिथला हवालदार भला माणूस होता. बंद घरातून आवाज येतो म्हटल्यावर त्यानं कागद पुढे ओढला. काय आवाज, त्यानं विचारलं. श्वासाचा, मी म्हणालो. शिवीगाळ? नाही. धमकी? नाही. चोरी? मी म्हणालो, उलट मुलुखिया चांगली होते. त्यानं पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं की बंद घराबद्दलची तक्रार घराच्या मालकानं करायची असते. मालकीण मयत असेल तर वारसानं. वारस अलेक्झांड्रियात असेल तर तक्रार अलेक्झांड्रियात. आणि मालकीण खरोखर आतच असेल तर तिच्या स्वतःच्या घरात श्वास घ्यायला तिला पोलीस मना करू शकत नाहीत. शेजारच्या टेबलावरचा दुसरा हवालदार इतका वेळ गप्प होता. मी उठल्यावर त्यानं हळूच विचारलं, लसूण ठेचून घालता की चिरून? मी ठेचून म्हणालो आणि बाहेर पडलो. सरकारी नोकराचा सरकारी कचेरीत असा अपमान मी पूर्वी फक्त केलेला होता.

घरी आलो तर अवातिफनं सुताराकडून खिडकीवर फळी ठोकून घेतली होती. शुक्रवारी शहका मी देणार, तिनं जाहीर केलं. तू ओत, मी देते. आम्ही लगेच करून पाहिलं. तिनं शहका दिला, चांगला दिला. पाला अर्ध्या तासात तळाशी बसला. अवातिफ बराच वेळ त्या हिरव्या पाण्याकडे बघत उभी होती. तेवढ्यात फळीपलीकडून आवाज आला. रिकाम्या पातेल्याच्या तळाला चमचा फिरवावा तसा, गोल, सावकाश. कोणीतरी जेवून झाल्यावर निपटून खात असावं, किंवा कोणालातरी वाढलंच नसावं.

शुक्रवार उजाडला. इब्तिहालनं पहाटेच उठून घर पुसलं. दर थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावरून पातेल्यात बघत होती. "बाबा, त्यांना नाही आवडलं तर हातिम काही बोलायचा नाही आईपुढे," ती एकदा म्हणाली. "तो चांगला आहे, पण बोलायचा नाही." मी तिला म्हणालो, जा, वेणी घाल. महिनाभर वाचवलेल्यातून दोन ससे आणले होते. रस्सा सोनेरी झाला होता. जुम्म्याची नमाज आटोपून पाहुणे आले, बैठकीत बसले. सित्त इन्शिराहचा आवाज भिंतीतून येत होता. पडदे बरे धुतलेत, असं त्या म्हणत होत्या.

पाला सोडला. कढईत लसूण लाल झाला. अवातिफ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी कढई उचलली, तरी ती फळीकडेच बघत होती.

"थांब," ती म्हणाली.

तिनं डाव्या हातानं फळीची कड धरली आणि ओढली. खिळे ढिले होते. इतके ढिले की मला आवडलं नाही. फळी निघाली. समोरची काच आता सगळीच्या सगळी स्वच्छ होती आणि तिच्यामागे काळोख होता. दुपारच्या वेळी घरात असतो त्याहून जास्त काळोख.

"गमालात," अवातिफ म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा मुळीच नव्हता. "मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. मातीला यायला हवं होतं, आले नाही. इब्तिहालला तू मांडीवर घेऊन भात भरवलायस. आज तिच्यासाठी ये. माझ्यासाठी नको येऊस."

लसूण करपायला आला होता. मी आणखी थांबू शकत नव्हतो. मी कढई पातेल्यावर उलटी केली.

शहका डक्टमधून आला नाही. तो आमच्या दोघांच्या मधून आला, माझ्या उजव्या कानाला थंड लागला. अवातिफनं छातीशी हात नेला आणि तिच्या तोंडून असा श्वास निघाला की तसा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि तिसरा, सर्वात मोठा, इमारतभर गेलेला, तो माझा होता. वरून हज्जा रस्मियांची खिडकी उघडल्याचा आवाज आला. माझ्या प्रतिष्ठेचं जे काही उरलं होतं ते त्या डक्टमधून खाली गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पातेल्यात पान न पान तरंगत होतं.

आम्ही वाढलं. मी, अवातिफ आणि इब्तिहाल स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलो, पाहुणे समोर. सित्त इन्शिराहनी पहिला चमचा घेतला, तोंडात धरला, गिळला.

"शहके तीन ऐकले मी," त्या म्हणाल्या. "आत बायका किती?"

"एक मी," अवातिफ म्हणाली. "एक आमचे हे." हातिम माझ्याकडे बघून खोकला, आणि या वेळी तो खोकला खरा होता. "तिसरी आमची शेजारीण. गमालात नाव तिचं."

"चांगली झालीय. पण लसूण जरा जास्त पडलाय. सांगा तुमच्या शेजारणीला."

इब्तिहालनं आईकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. मी टेबलाखाली अवातिफचा पाय दाबला. हो, सांगते, एवढं म्हटलं की झालं होतं. सोयरीक तिथंच, त्या दोन शब्दांवर उभी होती.

अवातिफनं चमचा खाली ठेवला. "लसूण बरोबर आहे, सित्त इन्शिराह," ती म्हणाली. "तिचा अंदाज कधी चुकला नाही. मला जे येतं ते तिनं शिकवलं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते."

हातिमनं पाण्याचा पेला उचलून परत ठेवला. सित्त इन्शिराहनी दुसरा चमचा घेतला, डोळे मिटून, अगदी सावकाश. मग तिसरा. मग त्यांनी रिकामा वाडगा पुढे केला.

"वाढा," त्या म्हणाल्या. "आहे खरं बरोबर." आणि आमच्या खांद्यांवरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत त्या जरा रागानंच म्हणाल्या, "पण ही काय रीत झाली? तिला बसवा की जेवायला. मघापासून बिचारी दारात उभी आहे."

माझी मान आखडली. इब्तिहालनं माझा हात धरला. आम्हा तिघांपैकी कोणीही मागं वळून पाहिलं नाही. अवातिफनं डाव्या हातानं आपल्या शेजारची खुर्ची बाहेर ओढली, एक वाडगा भरून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ये, बस."